अँगलमागचा सांधा

"साहेब, सात नंबरच्या कप्प्यात पाणी वाजतंय," खलाशांचा मुकादम म्हणाला, तेव्हा मी काँक्रीटचा हिशेब करत होतो. आमचा कॅसन म्हणजे पाण्यात उतरवायच्या पायाच्या विहिरीचं दुहेरी भिंतीचं पोलादी कडं: बाहेरून 10 मीटर व्यासाचं, भिंत दीड मीटर जाड, आत आठ कप्पे. तरंगतो तो त्या पोकळ भिंतीवर. 10 घनमीटर काँक्रीट, म्हणजे 24 टन, ओतलं की साधारण 60 सेंटिमीटर खाली बसतो. म्हणून ओतायचं समोरासमोरच्या कप्प्यांत, थोडं थोडं. आणि प्रत्येक वेळी कालपर्यंत कोरडा असलेला एखादा सांधा पाण्याखाली जातो. हे शेवटचं वाक्य प्लॅनिंगवाल्यांच्या तक्त्यात कुठेच नसतं.

कड्याचा वरचा पोलादी थर आम्ही कॅसन पाण्यावर असतानाच, रात्री जोडला होता. सांध्यांची चाचणी जुनीच: एका बाजूने चुन्याचा हात, दुसऱ्या बाजूने रॉकेल. फट असली की पांढऱ्यावर काळपट डाग उमटतो. पण भिंतीला ताठ ठेवणाऱ्या अँगलच्या, म्हणजे काटकोनी पोलादी पट्टीच्या, मागे कुंचला पोचत नाही. मी बॅटरी मारून पाहिलं, "ठीक" म्हटलं आणि सही केली. भरतीची वेळ गाठायची होती.

चार बाजूंच्या रंगाच्या पट्ट्या वाचल्या. सात नंबरची बाजू 12 सेंटिमीटर जास्त बुडालेली. वरिष्ठ फोनवर म्हणाले, समोरच्या तीन नंबरमध्ये पाणी भरून समतोल कर. झुकाव जाईल, हे खरं. पण कॅसन आणखी खाली जाणार, आणि अर्धवट भरलेल्या कप्प्यात पाणी डुलतं ते वेगळंच. ऑफिसात बसून हा सल्ला देणं फार सोपं. मुकादम म्हणाला, "आधी उपसा, मग बघू." मी दोन पंप सोडले आणि एका पोराला ग्रीस माखलेलं गोणपाट नि लाकडी पाचर देऊन खाली उतरवलं. त्याच्या कमरेला दोर होता, एवढंच.

फट बोटभर निघाली, नेमकी अँगलमागे.

पाणी स्थिर झालं तेव्हा विंच ओढून कॅसन तळाला टेकवला. मूळ जागेपासून 90 मिलिमीटर सरकला. विहीर पूर्ण उतरेपर्यंत मर्यादा 150 ची. रजिस्टरात एकच ओळ गेली, सगळं मर्यादेत. त्या पोराचा उल्लेख नाही. पाचर सुटली असती तर वर ओढायला किती वेळ मिळाला असता, याचा हिशेब मी अजून करतो. दर वेळी वेगळा येतो.

पुढच्या थराच्या वेळी मुकादमाने न विचारता दांडा वाकवलेला कुंचला आणला.