स्किन्सला विकून टाका, म्हणता?

गणपतीच्या आरतीनंतर, रविवारच्या क्रिकेटला, परवा तर सांगलीहून मामानेसुद्धा फोनवर हेच विचारलं. "काय रे, तुमचा तो पिचर स्किन्स एवढा भारी, मग टीम तळाला कशी? विकून टाका त्याला आणि चार बॅटर घ्या की." पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल टीमचा चाहता असणं हा जणू आजार आहे आणि औषध प्रत्येकाच्या खिशात आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहितो.

हिशोब मलाही येतो. 2025मध्ये स्किन्सचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी, 1.97; आणि साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं (बॉल टाकणाऱ्याचं) बक्षीस, एकमताने त्याला. आणि त्याच्या नावावर विजय 10, पराभवही 10! नऊ इनिंगमागे दोन रनसुद्धा न देणारा पोरगा आणखी काय करणार, स्वतःच बॅटिंगला येणार? अख्ख्या टीमचे सीझनभरात 117 होमरन, 30 टीममध्ये सगळ्यात कमी. शेवटी 71 विजय, 91 पराभव. तेव्हा बॅटर हवेत हे मला नव्याने सांगू नका.

पण विकायचं म्हटलं की मला 31 जुलै 2018 आठवतो.

त्या महिन्यात आम्ही सलग 11 मॅचेस जिंकलो होतो. ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत दुपारी चारपर्यंत. मी मीटिंगमध्ये, फोन टेबलाखाली. बातमी आली: टॅम्पाच्या टीमचा पिचर क्रिस आर्चर आमच्याकडे, बदल्यात आमचा तरुण पिचर ग्लासनाऊ आणि तरुण बॅटर मेडोज, शिवाय आणखी एक खेळाडू नंतर. मी "येस!" असा ओरडलो की मॅनेजरला वाटलं, त्यांचा प्रस्ताव मला फार आवडला. संध्याकाळी पाठीवर आर्चर लिहिलेली जर्सी मागवली. ग्लासनाऊबद्दल मित्रांना काय म्हणालो तेही लख्ख आठवतंय: "ताडाएवढा उंच आहे, पण बॉलला पत्ता माहीत नाही. गेला ते बरं झालं."

आर्चरने 2019मध्ये 3 जिंकल्या, 9 हरल्या, ईआरए 5.19. 2020मध्ये शस्त्रक्रिया, एकही बॉल टाकला नाही. मेडोज 2019मध्येच ऑल-स्टार. नंतर पाठवलेला तो "आणखी एक" म्हणजे पिचर शेन बाझ, त्याचं नाव ऐकलं तरी मी विषय बदलतो. जर्सी अजून कपाटात आहे. बायको दर दिवाळीच्या साफसफाईत विचारते, "याचं फडकं करू?" पॉलिएस्टर पाणी टिपत नाही, एवढ्यावर वाचली आहे.

तुम्ही म्हणाल, तेव्हा टीम चालवणारे लोक मूर्ख होते, आत्ताचे शहाणे आहेत. असतील. पण त्या दिवशी ओरडलो मी होतो, त्यांनी मला ओरडायला लावलं नव्हतं. आणि ग्लासनाऊ इथेच राहिला असता तर तो ग्लासनाऊ झाला असता का? इथे बॉल खाली ठेव, खाली ठेव, हाच जप. टॅम्पात गेल्यावर तोच बॉल वर टाकू लागला आणि बॅटर हवेत बॅट फिरवून परत जाऊ लागले. आमच्याच गेरिट कोल या पिचरचंही ह्यूस्टनला जाऊन तेच झालं. मग चूक विकण्यात होती की शिकवण्यात? मी दोन्ही बाजूंनी भांडू शकतो. रात्री एकटा असलो की भांडतोही.

2025च्या 31 ऑक्टोबरला वर्ल्ड सीरिजची, म्हणजे बेसबॉलच्या फायनलची, सहावी मॅच बघत होतो. हॅलोविनची पोरं कधीच येऊन गेली होती, उरलेली चॉकलेटं मी एकेक संपवत होतो. नववी इनिंग, टोरोंटोचे दोघे दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर, एकही आउट नाही, आणि समोरच्या डॉजर्स टीमकडून बॉल टाकायला आत आला कोण? ग्लासनाऊ. तीन बॉल टाकले, तीन आउट, मॅच खलास. मला आनंद झाला. हे इथल्या कुणाला सांगू नका.

आता आमच्याकडे चँडलर, ग्रिफिन असे तरुण खेळाडू आहेत, "या पोरांची वाट बघा" असं मीच तुम्हाला सांगतो. पण मेडोज आणि ग्लासनाऊ हीसुद्धा एकेकाळी हीच पोरं होती. म्हणून स्किन्सला विकू नका असं मी म्हणतो तेव्हा ते डोकं बोलतंय की ती जर्सी, मला सांगता येत नाही.

आणि गंमत म्हणजे 2025च्या डिसेंबरमध्ये टीमने तुमचंच ऐकलं. ओव्हिएडो बॉस्टनला, बरोज ह्यूस्टनला, दोघेही पिचर, आणि बॅटर म्हणून टॅम्पाहून ब्रँडन लाउ आला. पुन्हा टॅम्पा! बातमी आली तेव्हा मी इंडियन स्टोअरमध्ये मेथीची जुडी निवडत होतो. ओरडलो नाही. पण लाउ डावखुरा, म्हणजे बॉल उजवीकडे मारणारा, आमच्या मैदानाची उजवी बाजू जवळ, भिंत तेवढी 21 फूट, असा हिशोब तिथेच सुरू झाला. बिलाच्या रांगेत त्याच्या जर्सीची किंमतही पाहून झाली.

घेतलेली नाही. अजून तरी.