साफसफाईचं कोटेशन आतून वाचायला शिका

हाऊसकीपिंगचं कंत्राट द्यायचं म्हटलं की तीन कोटेशनं येतात आणि सगळ्यांत खालचा आकडा उचलला जातो. दोन महिन्यांत संडासाला वास मारू लागतो, येणारी माणसं दर आठवड्याला बदलतात. कारण तो आकडा किती तासांचा, किती माणसांचा आणि कुठल्या मालाचा, हे कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून कोटेशन मागण्याआधी आपल्या जागेचे तास स्वतः मोजा. समजा बेळगावच्या टिळकवाडीत ६,००० चौरस फुटांचं, टेबल-खुर्च्यांनी भरलेलं ऑफिस आहे. झाडून-पुसून एक माणूस तासाला साधारण १,५०० चौरस फूट उरकतो, म्हणजे ४ तास. संडास, मुताऱ्या, बेसिनं मिळून १४ नग. प्रत्येकी ३ मिनिटं, दिवसातून दोनदा, म्हणजे ८४ मिनिटं. टेबलं, काचा, कचरा यांना २ तास. बेरीज साडेसात तासांच्या घरात जाते. एक माणूस ८ तासांच्या पाळीत कसाबसा पुरतो, आणि त्याच्या साप्ताहिक सुट्टीला बदली लागतोच. ‘एक माणूस, ४ तास’ असं कोटेशन आलं, तर निम्मं काम होणार नाही हे त्याच दिवशी समजा.

आता पैसे. कर्नाटकात किमान वेतन झोननुसार ठरतं आणि त्यातला महागाई भत्ता दर १ एप्रिलला बदलतो. पगारावर मालकाचा पीएफ इतर आकारांसकट १३ टक्के, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के, बोनस किमान ८.३३ टक्के. म्हणजे १०० रुपयांवर २४ रुपये ५८ पैसे इथेच चढले. रजा, गणवेश, सफाईची औषधं, मशीन आणि कंत्राटदाराचा नफा अजून यायचाय. वर १८ टक्के जीएसटी वेगळा. किमान वेतनाच्या सव्वापटीपेक्षा कमी दर दिसला, तर पीएफ किती रकमेवर भरणार आणि बोनस कुठे धरलाय ते कागदावर मागा. सीमेवर आणखी एक घोटाळा होतो: कोल्हापूर, गडहिंग्लजकडचा कंत्राटदार तिकडच्या वेतनावर हिशेब करून येतो. काम बेळगावात, तर दर कर्नाटकाचाच.

कंत्राटदारानं पगार बुडवला तर जबाबदारी कंत्राट देणाऱ्यावर येते. म्हणून दर बिलासोबत मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयचं चलन, नावांच्या यादीसह घ्या आणि ती नावं आपल्या हजेरीपटाशी जुळवा. नुसती रकमेची पावती पुरत नाही. ती दुसऱ्याच साइटच्या माणसांची असू शकते.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनग्यातल्या कारखान्यांना ऑफिसवालं हाऊसकीपिंग चालत नाही, हे ठासून सांगावंसं वाटतं. फाउंड्रीतल्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातल्या) साच्याच्या वाळूत सिलिका असते. कोरडा झाडू किंवा हवेचा पाइप मारला की जमीन स्वच्छ दिसते, पण डोळ्यांना न दिसणारी धूळ बराच वेळ हवेत तरंगते आणि फुप्फुसात बसते. तिथे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा औद्योगिक व्हॅक्यूम हवा, नाहीतर जमीन आधी हलकी ओली करून झाडायला हवी. भट्टीजवळ आणि ओतकामाच्या जागी मात्र पाणी बिलकूल नको. वितळलेल्या लोखंडाखाली ओल सापडली की वाफेचा स्फोट होतो. हे ज्या सुपरवायझरला सांगावं लागतं, त्याला फाउंड्रीत घेऊ नका.

मशीन शॉपमध्ये कूलंट (मशीनवर काम थंड ठेवणारं द्रव) आणि तेलाचा थर असतो. धुण्याची पावडर तो फक्त पसरवते. अल्कलाइन डीग्रीझर (तेल सोडवणारं औषध) १० लिटर पाण्यात ५०० मिली (डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर ते), ५ ते १० मिनिटं भिजू द्यायचं, वाळू द्यायचं नाही, मग स्क्रबर (फरशी घासायचं मशीन) फिरवून पाणी ओढणाऱ्या वेट व्हॅक्यूमनं ओढायचं आणि साध्या पाण्यानं धुवायचं. स्क्रबरला हिरवा पॅड. काळा लावला तर जमिनीवरच्या इपॉक्सीच्या थरावर ओरखडे उठतात. तेलकट चिंध्या आणि भुसा हा घातक कचरा आहे, तो महापालिकेच्या घंटागाडीत जाता कामा नये. तो वेगळा कोण भरणार, कुठे ठेवणार, हे करारात लिहून घ्या.

कंत्राटदार निवडायचा तर त्याला एक संडास आणि एक खोली साफ करून दाखवायला सांगा आणि माणसाच्या हातांकडे बघत उभे राहा. संडासाला लाल फडकं, बेसिनला पिवळं, कँटीनला हिरवं, टेबलांना निळं, असे रंग वेगळे आहेत का? ५ लिटरच्या बादलीत ५० मिली फ्लोअर क्लीनर मापानं पडतं, की बाटली अंदाजानं उलटी होते? जास्त औषध पडलं की फरशीवर चिकट थर राहतो, त्यावर धूळ धरते आणि संध्याकाळपर्यंत पावलांचे डाग दिसतात. मग ‘औषध कमी पडलं’ म्हणून उद्या आणखी ओततात.

अ‍ॅसिडचं विचारल्याशिवाय राहू नका. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत शहाबादी फरशी असते, ती चुनखडीची. अ‍ॅसिडचा थेंब पडला की फेस येतो, चकाकी जाते आणि पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. बोअरच्या जड पाण्यानं नळांवर येणारा पांढरा थर सायट्रिक अ‍ॅसिडनं निघतो, पण ओघळ फरशीवर येऊ द्यायचा नाही. संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून दोन्हींची कपाटं वेगळी आणि सूचना मराठी-कन्नड दोन्हीत हव्यात. संध्याकाळच्या पाळीला एकच भाषा वाचणारी बाई एकटीच कामावर असू शकते.

जून ते सप्टेंबर लाल चिखलाचे. दाराशी १२ ते १५ फूट पायपुसणं नसेल, तर आत कितीही पुसा. मॉप प्रत्येकी दोन लागतात. एक वापरात, दुसरा टांगून वाळणारा. बादलीत बुडवून ठेवलेला मॉप सकाळी कुबट वास मारतो आणि तोच वास सगळ्या मजल्यावर फिरतो.

सेप्टिक टँक या कंत्राटात अजिबात घालू नका. २०१३ च्या कायद्यानुसार माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय आत उतरवणं गुन्हा आहे. ते काम सक्शन गाडीचं.

आधी एक महिन्याचा ठराव, मग वर्षाचा करार, दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची नोटीस. तपासणीला सकाळी ९ ला जाऊ नका, तेव्हा सगळं नुकतंच पुसलेलं असतं. दुपारी ३ ला जा आणि नळाच्या मागे, दाराच्या वरच्या कडेवर बोट फिरवा.