उजनीच्या काठावर एक रात्र

सोलापुरात राहून उजनी आपल्याला फक्त नळातनं भेटते. आणि तीही रोज नाही की ओ!

काल मात्र पोरांच्या हट्टापायी उजनी धरणाजवळच्या भीमानगरकडं गेलो आणि पाण्याच्या काठी तंबू ठोकला. ठोकला म्हणजे काय, काळ्या मातीत खुंट्या धरेनात, वाऱ्यानं तंबू दोनदा आडवा झाला. शेवटी चार दगड ठेवले. सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि शेजारच्या मच्छीमाराकडनं घेतलेली चिलापी. तव्यावर तिचा वास सुटला तसा पोरांचा मोबाईल आपोआप खाली आला.

धाकटीनं विचारलं, "बाबा, पेपरात उजनी उणे झाली म्हणतात, मग पाणी शून्यापेक्षा कमी कसं?" लहानपणी मलाही हेच कोडं होतं. तिला सांगितलं, धरण ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), पण त्यातलं साधारण ६३ टीएमसी मृतसाठा. त्याच्या वरचं ते उपयुक्त पाणी. ते संपलं की मोजणी उण्यात जाते, तळात पाणी असतंच. वीजघर १२ मेगावॅटचं. पाणी खाली सोडताना वीज बनते, आणि तेच यंत्र उलटं फिरवून खालचं पाणी परत वर चढवता येतं. हे तिला भाकरीपेक्षा जास्त आवडलं.

थोरला म्हणाला, "पाण्याखाली गावं आहेत ना?" आहेत. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. चिलटांनी मात्र रात्रभर गप्पा मारल्या.

सकाळी घरी आलो, तर नळाला पाणी येऊन गेलेलं.