कॅमेरा दुरुस्तीला देताय? फॉर्मवर ‘एफ ११’ लिहा

आधी कामाचं सांगते, रडगाणं नंतर. लेन्स न निघणाऱ्या, खिशात मावणाऱ्या महागड्या कॅमेऱ्यात धूळ गेली आणि तो तुम्ही सर्व्हिस सेंटरला देणार असाल, तर तक्रारीच्या रकान्यात नुसतं ‘फोटोत डाग’ लिहून येऊ नका. ‘ॲपर्चर एफ ११ ठेवून तपासा, वर उजवीकडे तीन डाग आहेत’ असं लिहा आणि डागांवर लाल पेनने गोल करून त्या फोटोची प्रिंट फॉर्मला टाचून द्या. (ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक; ‘एफ’चा आकडा जितका मोठा, तितकं ते बारीक.) हे एक वाक्य लिहिलं नाही म्हणून माझा कॅमेरा जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत अडकला होता.

कंपनी कुठली ते सांगत नाही. जात सांगते. एक इंची सेन्सर (म्हणजे फोटो टिपणारी चिप), २४ ते ७० ची झूम, पूर्ण उघडी असताना एफ १.८, वजन बॅटरीसकट तीनशे ग्रॅमच्या आसपास. २०१२ साली सोनीने पहिला आरएक्स १०० आणला तेव्हापासून ही जात आपल्याकडे दिसायला लागली. एक इंची हे नावापुरतंच बरं का. सेन्सर भरतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यात जी नळी असायची, तिच्या बाहेरच्या व्यासावरून ते माप चालत आलंय. तरी नखाएवढा का होईना, संध्याकाळच्या उजेडात कामाला येतो. माझा मोठा कॅमेरा आणि दोन लेन्सा खांदा आखडल्यापासून भाच्याकडे गेल्या. त्या बदल्यात हा घेतला आणि तीन वर्षं पर्समध्ये टाकून फिरले, एका शब्दाची तक्रार नव्हती.

मग वारी. माऊलींच्या पालखीबरोबर बरड ते माळशिरस असे दोनच दिवस चालले, कारण शाळेतून रजा तेवढीच मिळाली. दुसऱ्या दिवशी पुरंदवड्याला गोल रिंगण. त्या भागात आषाढातही पाऊस हुलकावणी देतो; त्या दिवशी माती अगदी पिठासारखी होती. पताकावाले धावले, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका धावल्या, विणेकरी धावले. मग स्वाराचा अश्व आणि मागून माऊलींचा. मी दोरीला चिकटून बसले होते. घोडा लांब असताना ७० वर, जवळ आला की २४ वर, पुन्हा ७०. त्या दहा मिनिटांत झूम किती वेळा आतबाहेर झाली असेल देव जाणे. रिंगण संपल्या संपल्या सगळे मैदानात घुसले. माऊलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायची असते. मीही लावली, सासूबाईंसाठी रुमालाच्या टोकात थोडी बांधून घेतली. आणि या सगळ्यात कॅमेरा गळ्यात, चालू, लेन्स बाहेर.

झूमची नळी बाहेर येते तेव्हा आत हवा ओढली जाते, सायकलच्या पंपासारखी. हवेबरोबर धूळ. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात ती निदान उघडून पुसता येते. इथे सेन्सर लेन्सच्या मागे बंद, तिथे आपलं बोट पोचत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नाहीतर घोडा आला-गेला की कॅमेरा बंद करून पिशवीत टाकला असता. वारीला नेणार असाल तर झिपलॉकची पिशवी न्या आणि झूम एका जागी ठेवून फोटो काढा. चालायचं काम पायांना द्या.

घरी आल्यावर फोटो लॅपटॉपवर टाकले. घोड्यांचे फोटो स्वच्छ, कारण ते सगळे एफ २.८ च्या आसपासचे. रिंगणानंतर पुढे माळशिरसच्या रस्त्यावर आभाळ आणि पताका असा एक फोटो होता, एफ ११ चा. त्यात आभाळात तीन राखाडी ठिपके. आधी मला वाटलं घारी आहेत! मोठ्या करून बघते तर कडा पुसट, आणि पुढच्या फोटोत त्याच जागी.

ॲपर्चर उघडं असतं तेव्हा प्रकाश चहूबाजूंनी येतो आणि कणाची सावली विरून जाते. भोक बारीक केलं की प्रकाश सरळ येतो, सावली ठळक पडते. म्हणून डाग बघायचे तर एफ ११ लावा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) सगळ्यात कमी, आणि निरभ्र आभाळाचा किंवा लॅपटॉपच्या कोऱ्या पांढऱ्या पडद्याचा मुद्दाम आऊट ऑफ फोकस फोटो घ्या. हे वाचून मला भारी वाटलं होतं. पण जे मला कळलं ते दुरुस्ती करणाऱ्याला कळलेलंच असणार, असं मी गृहीत धरलं. तिथेच फसले.

सर्व्हिस सेंटर पुण्यातलं म्हणायचं, पण खरं तर ते नुसतं घेण्या-देण्याचं काउंटर. कॅमेरा पुढे उत्तरेत कुठेतरी जातो. टोकन ४१, चालू होता २६. नंबर आल्यावर काउंटरवरच्या मुलीने बिल मागितलं. मी ऐटीत पाकिटातून काढलं, तर कोरा कागद. थर्मल प्रिंट तीन वर्षांत उडून गेली होती; उन्हात धरलं तर तारखेचा शेवटचा आकडा तेवढा दिसत होता. “मॅडम, हे चालणार नाही.” दुकानदाराला फोन, त्याच्याकडून ईमेलवर पीडीएफ, यात तो दिवस गेला. (कुठल्याही वस्तूचं थर्मल बिल आणल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवा. हे मी आता वर्गातल्या मुलींनाही सांगते.)

दुसऱ्या दिवशी टोकन १९. या वेळी सगळं नीट सांगितलं. रिंगण, धूळ, तीन डाग, बारीक ॲपर्चर. ती मान डोलावत होती. तिच्या स्क्रीनवर तक्रारीची यादी होती, त्यातलंच एक निवडावं लागतं: पॉवर, डिस्प्ले, लेन्स एरर, इमेज क्वालिटी. धूळ त्यात नव्हती. तिने ‘इमेज क्वालिटी’ निवडलं, शेजारच्या रकान्यात ‘स्पॉट्स’ असा एकच शब्द टाकला, जॉबशीट छापली. मी सही केली. वाचून केली, हे विशेष.

तेवीस दिवस. दर चार दिवसांनी फोन केला की ‘अंडर प्रोसेस’. मग मेसेज आला, कॅमेरा घेऊन जा. एवढा आनंद झाला की रिक्षाने गेले. पिशवीला चिठ्ठी: ‘टेस्टेड ओके. नो फॉल्ट फाउंड.’

तिथेच काउंटरवर मी कॅमेरा काढला, एफ ११ लावला आणि त्यांच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. तिन्ही पाहुणे जागेवर. ती मुलगी बघून म्हणाली, “हो की!” आणि मग मॉनिटर माझ्याकडे वळवून तिने तिकडून आलेले तपासणीचे फोटो दाखवले. एका तक्त्याचे चार फोटो, खाली माहिती: ऑटो, एफ १.८. खोलीतल्या उजेडात ऑटोवर लावला की कॅमेरा आपणहून पूर्ण उघडतो आणि धूळ दिसतच नाही. ज्याने तपासलं तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यापर्यंत ‘स्पॉट्स’ एवढाच शब्द पोचला, त्याने कॅमेरा सुरू करून क्लिक केलं, स्पॉट नव्हते. मला मात्र त्या क्षणी हा समजूतदारपणा सुचला नाही. मी आवाज चढवला. मागे रांगेतले एक काका म्हणाले, “अहो ताई, त्या पोरीला काय ओरडता, ती काय उघडते काय कॅमेरा?” बरोबर होतं त्यांचं. मी गप्प बसले आणि तिची माफी मागितली.

तिनेच मग युक्ती सांगितली. रकान्यात साठ अक्षरंच मावतात, पण कागद जोडला तर तो पिशवीबरोबर जातो. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली, लाल गोल केले, खाली इंग्रजी मोठ्या अक्षरात एफ ११ लिहिलं. कॅमेरा पुन्हा गेला.

या वेळी तीन आठवड्यांनी, गणपतीच्या धामधुमीत, फोन. धूळ सापडली! पण वॉरंटी संपलेली, आणि असती तरी धूळ वॉरंटीत बसत नाही. खर्च १९,४०० रुपये.

“तीन कण पुसायचे एकोणीस हजार?”

“मॅडम, पुसत नाही. लेन्स आणि सेन्सरचा अख्खा ब्लॉक बदलतात.”

म्हणजे डोळ्यात कचरा गेला तर डोळाच नवा बसवायचा. नको म्हणाले, तर तपासणीचे ५९० रुपये भरून कॅमेरा परत घ्यायचा, आणि तो यायला आणखी दोन आठवडे. भरले. सासूबाई देवघरातून ऐकत होत्या. म्हणाल्या, “अगं, माऊलींच्या घोड्याच्या टापेची माती ती. लोक पायी चालून कपाळाला लावतात, आणि तू ती काढायला पैसे देतेस?” यावर काय बोलणार?

भाचा म्हणाला, व्हॅक्यूम क्लीनरची नळी लेन्सवर धर आणि झूम आतबाहेर कर, कण ओढले जातात. काहींचे गेलेही असतील. पण ती नळी लेन्सचे नाजूक पडदेही ओढते, आणि ओढलेला कण बाहेरच जाईल, आणखी आत जाणार नाही, याची खात्री कोण देणार? मी केलं नाही.

शेवटी ऑक्टोबरात मुंबई, फोर्टातला बोरा बाजार. कॅमेऱ्यांची दुकानं आणि वरच्या मजल्यांवर दुरुस्तीवाले. एका अरुंद जिन्यावरून वर गेलं की टेबलभर खोलीत एक वयस्कर गृहस्थ, कपाळावर भिंग. मी प्रिंट पुढे केली. त्यांनी एकदाच बघितली आणि विचारलं, “एफ ११?” मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला.

“बसा ताई, समोरच उघडतो.” एकेक स्क्रू काढून त्यांनी चिकटपट्टीवर ओळीने लावला, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने, शेजारी पेन्सिलीने खुणा. लेन्स वेगळी झाली आणि खाली तो नखाएवढा निळसर चौकोन. मी म्हटलं, डाग वरच्या बाजूला आहेत. ते म्हणाले, फोटोत वर म्हणजे इथे खाली, आत चित्र उलटं पडतं. आधी हवेचा फुगा, मग पातळ काडीवर गुंडाळलेलं ओलसर कापड, एकाच दिशेने एकदाच. दोन कण गेले. तिसरा, अगदी कोपऱ्यातला, हलेना. “जास्त घासलं तर काचेवर ओरखडा येईल. राहू द्या, एफ ५.६ पर्यंत दिसणार नाही.” चाळीस मिनिटं, १,८०० रुपये. बिल हाताने लिहिलेलं, त्यामुळे उडायचं नाही. मात्र बाहेर उघडलेल्या कॅमेऱ्याला कंपनी पुढे हात लावेलच असं नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं होतं. मोटर बिघडली असती तर मी इतक्या सहज ‘उघडा’ म्हटलं नसतं.

एफ ५.६ चं ते वाक्य एरवीही धरून ठेवण्यासारखं आहे. एवढ्या लहान सेन्सरवर भोक त्याहून बारीक केलं की फोटो मुळातच मऊ पडायला लागतो. मोठ्या कॅमेऱ्याच्या सवयीने मी निसर्गदृश्याला एफ ११ लावत होते, ती सवयच चूक होती. एफ ४ वरही समोरच्या दगडापासून लांबच्या डोंगरापर्यंत बरंच काही स्पष्ट येतं. म्हणजे नीट वापरला असता तर ते डाग मला दिसलेच नसते, हे जरा उशिराच लक्षात आलं.

दिवाळीनंतर हंपीला गेलो. तिथलं फार सांगत नाही, सगळं सुरळीत झालं. बॅटऱ्या दोन न्या, एक दुपारपर्यंतच पुरते. पट्टा मनगटात अडकवा, कारण तिथल्या गुळगुळीत शिळांवर हात मोकळा लागतो. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ, तोच जो पन्नासच्या नव्या नोटेवर आहे, एफ ४ वर घेतला. आभाळ धुतल्यासारखं आलं. याच विजयनगरातून संत भानुदासांनी विठ्ठलमूर्ती पंढरपूरला परत आणली असं आपल्याकडे सांगतात, त्यामुळे सासूबाईंनी फोन करून त्या मंदिराचे फोटो ‘नीट’ काढायला बजावलं होतं.

रखडले ती विरुपाक्ष मंदिरात. मागच्या बाजूला एका अंधाऱ्या जागी भिंतीला भोक आहे आणि त्यातून समोरच्या भिंतीवर नऊ मजली गोपुराची सावली पडते. उलटी, कळस खाली. ना लेन्स, ना झूम, शेकडो वर्षं उघडं भोक. खांबाला कोपर टेकवून, श्वास धरून, एफ १.८, एक अष्टमांश सेकंद, आयएसओ १६००. सात फोटो हलले, आठवा बरा आला.

घरी सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, मान वाकडी करून कळस सरळ करायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, “पुढच्या वारीला जाशील तेव्हा माती डबीत आण हो. कॅमेऱ्यात नको.”