कित कोस्ता, आणि त्यापुढचं

परदेशी भाषेच्या कुठल्याही छोट्या पुस्तिकेत बाजाराचं पान उघडलं, की पहिलं वाक्य भावाचं असतं. रोमानियन भाषेत ते 'कित कोस्ता?' पाठ करायला सोपं, पण बुखारेस्टच्या ओबोर बाजारात त्याचा फारसा उपयोग होत नाही. भाव पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जाड पेनने लिहून टोमॅटोच्या ढिगात खोचलेलाच असतो. त्या आकड्यापुढची अक्षरं मात्र वाचावीत. 'केजी' म्हणजे किलो, 'लेग' म्हणजे जुडी आणि 'बुक' म्हणजे नग. लसणाचा भाव किलोचा समजून घ्यावा आणि तो निघावा एका गड्ड्याचा, ही चूक सहज होते.

उच्चाराची धास्ती नको. चटणीतला 'च' आणि चहातला 'च' असे दोन्ही रोमानियनमध्ये वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात, आणि मराठी जिभेला दोन्ही येतात. 'कित' मधला स्वर तेवढा अडतो. तो इ आणि उ यांच्या मधला आहे, ओठ न गोलावता 'उ' म्हणायचा. दुकानाशी आल्यावर आधी 'बुना झीवा' म्हणावं. नमस्कार न करता थेट भाजीला हात घालणारा गिऱ्हाईक तिथेही आवडत नाही.

खरा प्रश्न विक्रेती विचारते: 'कित सा वा पुन?' किती घालू? उत्तर 'उन किल', 'जुमाताते दे किल' किंवा पावशेरासारखं 'उन स्फेर्त'. मागे 'वा रोग' लावलं की ते 'कृपया' होतं. ऐकायला कसंही वाटो, लावावंच. काटा नेहमी थोडा पुढेच जातो. मग ती भुवया उंचावून म्हणते, 'लासाम आशा?' असंच राहू दे का? इथे बरेच जण न समजता मान डोलावतात आणि किलोच्या जागी सव्वा किलो घेऊन निघतात. नको असेल तर 'माय पुत्सिन', थोडं कमी. पुरे झालं की 'आतित', एवढंच.

पण सगळ्यांत कामाचा शब्द 'पेंत्रु', म्हणजे 'साठी'. माल स्वतः निवडायला बहुतेक ठिकाणी मिळत नाही. फळीमागून तीच निवडून देते, आणि तुम्ही काय करणार हे कळल्याशिवाय जे हाताला लागेल ते देते. बटाटे मागताना 'पेंत्रु पियुरे' म्हटलं तर कुस्करायचे, 'पेंत्रु प्राजित' म्हटलं तर तळायचे. कोबी 'पेंत्रु सार्माले' मागितला, की पातळ, मोठ्या, सुट्या पानांचा गड्डा मिळतो, कारण त्या पानांत खिमा आणि तांदूळ गुंडाळायचा असतो. 'पेंत्रु मुरात' म्हटलं की घट्ट गड्डा, खारवायला. वांगी 'पेंत्रु सालाता' मागावीत. ही सालाता दे वीनेते म्हणजे आपल्या भरताची सख्खी बहीण: वांगं आचेवर भाजायचं, साल काढायची, पाणी निथळू द्यायचं, मग कापून कांदा आणि सूर्यफुलाचं तेल. आकाराच्या मानाने हलकं वांगं घ्यावं. जड निघालं तर आत बिया फार.

जुड्यांपाशी मराठी माणूस हमखास फसतो. कोथिंबिरीसारखी दिसणारी पानं 'पात्रुंजेल' असतात, म्हणजे पार्सली. आमटीवर घातल्यावर कळतं. कोथिंबीर 'कोरिआंद्रु' नावाने मागावी, आणि ती बाजारापेक्षा सुपरमार्केटात मिळण्याची शक्यता जास्त. शेपू मात्र हवा तेवढा, नाव 'मारार'. शेजारची सेलरीसारखी, उग्र वासाची जुडी 'लेउश्त्यान', आंबट सूपात, चोर्बात, घालायची. तिखटाच्या आशेने मिरची घेणार असाल तर 'ये यूते?' विचारा. लाल, मोठ्या, सुंदर दिसणाऱ्या बहुतेक गोड निघतात.

चीजच्या दालनात 'पोत सा गुस्त?', चाखू का, हे निःसंकोच विचारावं. सुरीच्या टोकावर तुकडा येतोच. तेलेम्या हे खाऱ्या पाण्यात मुरवलेलं पांढरं चीज. मेंढीचं 'दे वाये', गाईचं 'दे वाका', शेळीचं 'दे काप्रा'. घरी नेऊन ठेवायचं असेल तर सोबत थोडं 'सारामुरा', म्हणजे तेच खारं पाणी, मागून घ्या, नाहीतर कोरडं पडतं. पनीरची आठवण झाली तर 'काश' बघा: ताजा, जवळजवळ अळणी. पण तो लिंबाने फाडलेला नसतो, दूध गोठवणाऱ्या रेनेटने म्हणजे 'क्याग'ने जमवलेला असतो, आणि ते बरेचदा वासराच्या पोटातलं. शाकाहारी माणसाला सगळ्यात जास्त तारतो तो शब्द 'दे पोस्त'. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपासाला चालणारं, म्हणजे मांस, अंडी, दूध यांपैकी काही नसलेलं. कोबीची प्लाचिंता, म्हणजे सारण भरलेली पोळी, घेताना 'ये दे पोस्त?' असं विचारलं की पुढची चौकशी वाचते.

टोमॅटो देशी आहेत का, हे जानेवारीत विचारण्यात अर्थ नाही. 'होय'च येणार. त्यापेक्षा 'सुंतेत्स प्रोदुकातोर?', तुम्हीच पिकवता का? 2014 च्या कायद्यापासून शेतकऱ्याकडे उत्पादक असल्याचा दाखला आणि विक्रीची वही असावी लागते. एकाच फळीवर केळी, लिंबं आणि 'घरचे' टोमॅटो दिसले, तर उत्तर न विचारताच मिळालं.

शेवटी पैसे. वीसपासून पुढे आकडा आणि 'लेय' (तिथलं चलन) यांच्यात 'दे' येतो: 'दोवाझेच दे लेय'. सहा 'शासे' आणि सात 'शाप्ते' गोंगाटात सारखेच ऐकू येतात, तेव्हा बोटं दाखवायला सांगा. आणि एखाद्या आजीबाईंनी पाच-सहा जुड्यांचे 'ओ सुता दे मी', म्हणजे एक लाख मागितले, तर घाबरू नका. 1 जुलै 2005 रोजी चलनातली चार शून्यं गेली, काहींच्या जिभेवरची अजून गेली नाहीत. त्यांना 10 लेय हवे आहेत. ते सुटे द्या. सकाळी सातला 200 ची नोट पुढे केलीत, तर त्या ती घेऊन शेजारच्या फळीवर मोड मागत फिरतील, आणि तोवर गल्ल्यापाशी तुम्हीच उभे.