एक चष्मा, दोघी बहिणी

शुक्रवार, धुळे

पहाटे पाचला बसने हायवेच्या चौफुलीवर उतरवलं आणि पहिल्या मिनिटातच कळलं की पुण्यातली थंडी ही थंडी नव्हेच. कानाला फडकं बांधून भाऊजी मोटारसायकल घेऊन उभे होते. माझी बॅग पुढे टाकीवर, मी मागे, डोळ्यांतून पाणी. घरी अक्काने दार उघडलं ते बोलतच, "काय व माय, इतली थंडीत कोन फिरस!" बाहेरच्यांशी ती शुद्ध मराठी बोलते, नाती अडल्या की हिंदी बोलते, आणि मला पाहिलं की तिची अहिराणी सुरू होते.

बेत माझाच होता. तीन दिवस, रोज एकच संग्रहालय, धावपळ नाही, आणि दोन्ही वेळा नीट बसून जेवण. ऑफिसात रजेच्या अर्जावर 'धुळे, चाळीसगाव, जळगाव' असं सांगितलं तेव्हा शेजारची मनालीला निघालेली बाई म्हणाली, "कुणी आजारी आहे का?" खानदेशात लोक लग्नाला जातात, मयताला जातात, जमिनीच्या कामाला जातात. हिंडायला म्हणून कुणी जात नाही, आम्ही खानदेशीसुद्धा नाही.

चहा पिताना लक्षात आलं की जवळचा चष्मा पुण्यातच राहिला. फ्रिजवर. तिथे ठेवल्याचं डोळ्यासमोर स्पष्ट दिसतंय, बाकी काहीच स्पष्ट दिसत नाहीये. अक्काचा चष्मा घालून पाहिला. तिचा नंबर माझ्याहून थोडा जास्त आहे, पण चालतं. "आपण दोघी एकावर भागवू," अक्का म्हणाली. लहानपणी एका छत्रीत शाळेत जायचो, त्यात नेहमी मीच भिजायचे, हे मी तिला सांगितलं नाही.

दुपारी राजवाडे संशोधन मंडळाचं वस्तुसंग्रहालय. जन्म धुळ्यातला, शाळा धुळ्यातली, आणि आत पाय ठेवला तो वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. अक्का मागे एकदा कुठल्या तरी व्याख्यानाला येऊन गेली होती, तेवढ्यावर ती मला वाट दाखवत होती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायी हिंडून, कुणाच्या माळ्यावरची, कुणाच्या पेटीतली दप्तरं सोडवून आणायचे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड त्यातून निघाले. शेवटी ते धुळ्यात राहिले आणि इथेच 31 डिसेंबर 1926 ला गेले. लोकांनी पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1927 मध्ये, त्यांच्या नावाने मंडळ काढलं. तेराव्याच्या आसपासच म्हणायचं. अक्का तीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होती, त्यामुळे माणसाबद्दल ती आधी दोन तारखा विचारते. मग उरलेलं आयुष्य.

जुन्या मूर्तींपुढे आमची पद्धत आपोआप ठरली. ती चष्मा लावून पाहणार आणि मला सांगणार, मग चष्मा माझ्याकडे, मग मी तिला सांगणार. एका झिजलेल्या मूर्तीपुढे ती म्हणाली, "हिला नाक नाही, पण नथ कुठे होती ते कळतंय." मला काही कळेना. चष्मा लावून वाकून पाहिलं. नथ नव्हतीच, दगडाचा टवका होता. आम्ही तिथे चांगली दहा मिनिटं भांडलो. एकटी असते तर त्या मूर्तीपुढून दहा सेकंदांत पुढे गेले असते.

समर्थ वाग्देवता मंदिर त्याच दिवशी झालं, म्हणजे 'एकच संग्रहालय' हा नियम पहिल्याच दिवशी मोडला. धुळ्याचे शंकरराव देव वकील होते. त्यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि रामदासी मठांमधली बाडं जमवली. समर्थांच्या हातची वाल्मीकी रामायणाची प्रत इथे आहे. अक्षर असं की ओळ आखून घेतल्यासारखी. आमचे दादा रेल्वेत कारकून होते, त्यांचं अक्षर असंच होतं. ते पोस्टकार्डावर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत लिहायचे आणि तरी एक अक्षर दुसऱ्यावर चढायचं नाही. अक्काने चष्मा काढून मला दिला, मी लावला, परत तिला दिला. या वेळी कुणीच कुणाला काही सांगितलं नाही.

रात्री शेवभाजी. अक्का हॉटेलची खात नाही, म्हणून घरीच. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजलेलं, वाटण पाट्यावर (मिक्सरवर, पण तिच्यासमोर पाट्यावरच म्हणायचं), वर बोटभर तर्री. शेव जाड, तिखट, आणि ताटात वाढताना वरून. आधी घातली की लगदा होतो. पुण्यात मला ही भाजी तीनदा लगदा म्हणूनच मिळाली आहे आणि तीनही वेळा मी बिल भरलं आहे.

शनिवार, चाळीसगाव

धुळे ते चाळीसगाव पॅसेंजर. बोरविहीर, शिरूड, राजमाने, जामदा. स्टेशनांची ही नावं मला पाढ्यांसारखी पाठ आहेत आणि पाढ्यांसारखीच मधूनमधून चुकतात. खिडकीबाहेर हरभरा, दादर ज्वारी, वेचणी झालेली कपाशी. धुक्यात बायका शेकोटीला बसलेल्या. अक्काने दशम्या आणि तिळाची चटणी आणली होती. पोटभर नाश्ता करून निघालो होतो, तरी शिरूडला डबा उघडला. गाडीत बसलं की भूक लागते, याला काही इलाज नाही.

चाळीसगाव हे आमच्यासाठी कायम गाडी बदलायचं गाव. मुंबईहून या, पुण्याहून या, इथे उतरायचं आणि धुळ्याच्या गाडीची वाट बघत बाकावर बसायचं. किती तास बसले असेन त्या फलाटावर! आणि स्टेशनच्या जवळच, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

कैखुश्रू माणेकजी मूस. जन्म मुंबईचा, 2 ऑक्टोबर 1912. ("गांधीजयंती," अक्का लगेच.) इंग्लंडात शेफील्डला कलेचं शिक्षण घेतलं, परत आले, चाळीसगावला राहिले, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं क्वचितच घराबाहेर पडले. घराला नाव दिलं 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'. चित्रं, फोटो, मातीची शिल्पं, लाकडातलं काम, कागदाच्या घड्या घालून केलेले आकार, सगळं याच चार भिंतींत.

आत गेल्यावर अक्का पहिल्या खोलीतच थबकली. हे संग्रहालय वाटत नाही, माणूस आतल्या खोलीत आहे आणि आता येईल असं वाटतं. ती पदर सारखा करून उभी राहिली. मी काही बोलले नाही, कारण मीही ओढणी सारखी केली होती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो टेबलटॉप फोटोंपाशी. टेबलावर साध्यासुध्या वस्तूंनी एक छोटा देखावा मांडायचा, उजेड नेमका हवा तिथून पाडायचा आणि कॅमेरा असा लावायचा की बघणाऱ्याला मैलभराचा प्रदेश दिसावा. बाहेर न पडणाऱ्या माणसाने बाहेरचं जग असं टेबलावर उभं केलं. पहिल्यांदा चष्मा अक्काकडे होता. मला फक्त पांढरं आणि काळं दिसत होतं. "वाट आहे," ती म्हणाली. "थंडीची वाट. झाडाला पान नाही. लांब कुणीतरी राहत असेल." मग चष्मा माझ्याकडे आला आणि मी नेमकी उलटी चूक केली: मी मांडणी शोधायला लागले. हे कापड असेल का, ही काडी असेल का, उजेड डावीकडून का. तेवढ्यात वाट गेली आणि टेबल राहिलं. चष्मा काढला. पांढरं-काळं झालं, आणि वाट परत आली.

हे मी अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "मग चष्मा मला दे, तुला नको आहे तर."

रेम्ब्रांट मला माहीत आहे तो कॅलेंडरपुरता. अंधारात एका बाजूने येणारा उजेड, त्यात चेहरा. पण या घराला ते नाव का, हे त्या फोटोंपाशी आपसूक कळतं. सगळीकडे उजेड कमीच आहे. जेवढा आहे तेवढा मोजून वापरलेला.

आणि मग ती गोष्ट, जी चाळीसगावात प्रत्येकजण सांगतो. मुंबईत एक मैत्रीण होती. निरोप घेताना तिने शब्द दिला की एक ना एक दिवस पंजाब मेलने येईन आणि तुझ्याबरोबर जेवेन. म्हणून म्हणे मूस रोज रात्री दारं-खिडक्या उघडून दिवे लावायचे, दोघांचं ताट मांडायचे आणि मेल निघून गेली की मगच जेवायचे. खरं किती, सांगणाऱ्यांनी वाढवलेलं किती, कोण जाणे. दादांकडून ऐकलेलं एक मला आठवलं: पंजाब मेलही 1912 चीच. म्हणजे माणूस आणि गाडी एकाच वयाची.

अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोज दुसऱ्या ताटातलं कोण खायचं?"

मला आधी हसू आलं. मग वाटलं, अख्ख्या गोष्टीत हाच प्रश्न कुणी विचारलेला नाही. तीन पोरं, सासू, उशिरा येणारा नवरा, असं झाकून ठेवलेलं ताट ज्या बाईने तीस वर्षं सांभाळलं, तिलाच तो सुचणार.

बाहेर पडताना तिने मृत्यूची तारीख वाचली. 31 डिसेंबर 1989. दोन पावलं पुढे गेली, थांबली. "राजवाडेपण 31 डिसेंबरच ना?" हो. दोघंही एकटे, दोघांच्याही घरात वस्तूच वस्तू, दोघंही वर्षाच्या शेवटच्या दिवशी. "रजिस्टर बंद करायच्या दिवशी आम्हाला फार काम असायचं," अक्का म्हणाली आणि रस्ता ओलांडायला लागली.

संध्याकाळी जळगावची गाडी. कजगाव, पाचोरा, माहेजी, म्हसावद. पाचोऱ्याला जामनेरच्या छोट्या 'पीजे' गाडीची आठवण निघाली, ती आता बंद आहे. अक्का म्हसावदपर्यंत झोपली. चष्मा नाकावर तसाच.

रविवार, जळगाव

सकाळी गांधीतीर्थ. जैन हिल्सवर भवरलाल जैन यांनी उभारलेलं. 25 मार्च 2012 ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं, त्याही जळगावच्याच. लाल दगडाची इमारत, भोवती झाडी, आत गांधीजींचं आयुष्य दालनादालनांतून. फार नेटकं केलं आहे. पण खरं सांगायचं तर कालच्या घरानंतर मला पडदे आणि आवाज जरा जास्त वाटले. दोष माझा, आदल्या दिवशी डोळे वेगळ्या सवयीला लागले होते. अक्काला मात्र हेच जास्त आवडलं. इथे अक्षरं मोठी होती, चष्मा मागायला लागत नव्हता. बाहेर उन्हात बसून मेहरूणची बोरं खाल्ली. आंबटगोड, गरभरीत, हिवाळ्यातच मिळणारी. बिया पदरात.

आणि दुपारी भरीत. यासाठीच जानेवारी निवडला होता. आमच्या धाकट्या बहिणीच्या दिरांचं शेत गावाला लागूनच आहे. भरताची वांगी इथली वेगळी: फिकट हिरवी, मोठी, बिया अगदी कमी, 'जळगाव भरीत वांगी' म्हणून 2016 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. गॅसवर भाजतात ते भरीत इथे धरतच नाहीत. बांधावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करायचा, वांग्यांना तेलाचा हात लावून टोचे मारायचे आणि सालीवर फोड येऊन देठापाशी पाणी सुटेपर्यंत उलटत राहायचं. हे काम पुरुष करतात. वर्षात एकदा स्वयंपाक केल्याचं श्रेय त्यांना बाराही महिने पुरतं.

साल काढायला मी बसले. वांगं हातात धरवत नाही, सोडवतही नाही. बोटं पाण्यात बुडवायची आणि एका ओढीत साल काढायची. आतला गर धुराने फिकट तपकिरी झालेला, रेषारेषांनी सुटणारा. तो लाकडी बडगीत घालून दणादणा ठेचायचा. त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण, वरून फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मूठमूठ कांद्याची पात. केळीच्या पानावर भरीत, शेजारी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, मुळा. पहिल्या घासाला कुणी बोलत नाही. दुसऱ्याला मिरचीमुळे बोलता येत नाही.

मी किती खाल्लं ते लिहीत नाही, ही वही मुलगी वाचते.

जेवणानंतर दिरांनी केळी दाखवली. या थंडीने पानं पिवळी पडत होती. रात्री बागेच्या कडेने शेकोट्या करतात, धूर धरतात. आम्हाला हवीहवीशी वाटणारी थंडी त्यांना झोपू देत नव्हती. ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते, नुसतं दाखवत होते. तरी "काय मस्त गारवा आहे" हे सकाळपासून चौथ्यांदा म्हणायला निघालेले मी गप्प राहिले.

रविवार, रात्री, गाडीत

अक्का जळगावलाच राहिली, धाकटीकडे दोन दिवस. मी पुण्याच्या गाडीत. पिशवीत भरिताचा डबा, बोरं, बिबडे (ज्वारीचे पापड) आणि केळीचे वेफर्स, आणि शालीला पऱ्हाट्यांच्या धुराचा असा वास की समोरची बाई शेवटी म्हणाली, "भरीत ना?" ती भुसावळची निघाली. मग पाचोऱ्यापर्यंत वांग्यांवरच बोललो.

चाळीसगाव आलं. मी दारापर्यंत गेले, कुठल्या बाजूला ते घर असेल ते बघायला. फलाटावर दिवे, चहावाला, धुळ्याच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलेलं एक कुटुंब, पोरगं आईच्या मांडीवर झोपलेलं. घर काही दिसलं नाही. गाडी हलली.

जागेवर येऊन पाणी काढायला पर्स उघडली तर आत अक्काचा चष्मा.

फोन लावला. "अगं, तुझा चष्मा माझ्याकडेच आला."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "तू आता माझं ऐक. धाकटीचा घेतलाय मी. तिला म्हटलं, आपण दोघी एकावर भागवू."