दोन देश, दोन लायसन्स, दोन्ही विना गियर

दिवाळीला गावी गेली होती तेव्हाची गोष्ट. वेचणीचे दिवस, ओसरीत कापसाचा ढीग, बसायला जागा नाही म्हणून आम्ही सगळे अंगणात खाटेवर, आणि विषय एकच, बाबांची नवी गाडी. जुनी १७ वर्षं चालवून झाली, पत्रा खालून सडला, पण खरा त्रास गाडीचा नाहीच, बाबांच्या डाव्या गुडघ्याचा आहे. दारव्ह्याला जाऊन आले की तासभर पाय धरून बसतात. दादा म्हणे मॅन्युअलच घ्या, मी म्हटलं ऑटोमॅटिक घ्या, तेवढ्यात समोरचे काका आलेच, "अबे थे लंडनले गाडी चालवते ना, तिले इचारा." मी लंडनला नाही, शेफिल्डला राहते, हे पाच वर्षांत किती वेळा सांगितलं, आता सोडूनच दिलं.

पण खरं सांगू का, गियरवर बोलायचा मला काही अधिकारच नाही. यवतमाळला नर्सिंगला होती तेव्हा स्कूटीसाठी लायसन्स काढलं, आणि आपल्याकडे दुचाकीचं लायसन्स दोन प्रकारचं असते, गियरवालं आणि विना गियर. माझं विना गियर. दादा दरवर्षी म्हणायचा, "या उन्हाळ्यात तुले मोटारसायकल शिकवतो", ते उन्हाळे आले आणि गेले, कारचा तर प्रश्नच नव्हता, कारची चावी आमच्या घरात बाबा आणि दादा या दोघांच्याच खिशात फिरायची.

मग इथे इंग्लंडला आली. भारतीय लायसन्सवर इथे पहिले १२ महिने गाडी चालवता येते, माझ्यासोबत केरळच्या दोन मुली होत्या त्या दुसऱ्याच आठवड्यात चालवायला लागल्या, माझ्या लायसन्सवर कारच नाही तर काय चालवणार! वॉर्डात होती तोपर्यंत बसने भागलं. पण मला कम्युनिटी नर्सचं काम पाहिजे होतं, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन ड्रेसिंग, इन्सुलिन, कॅथेटर वगैरे, आणि त्याच्या जाहिरातीत पहिली अट लायसन्स.

इथे एक गंमत आहे जी आपल्याकडे कारच्या बाबतीत नाही. मॅन्युअल गाडीवर टेस्ट पास केली तर दोन्ही गाड्या चालवता येतात, ऑटोमॅटिकवर पास केली तर फक्त ऑटोमॅटिक, लायसन्सवर तसं छापूनच येतं. आपल्याकडे कारचं लायसन्स म्हणजे कारचं लायसन्स, क्लच असो नसो कोणी विचारत नाही. त्यामुळे इथे जो भेटेल तो हेच सांगायचा की मॅन्युअलच शीक, उद्या कोणाची गाडी चालवायची वेळ आली तर? मी पण शहाण्यासारखी मॅन्युअल सुरू केली. शेफिल्ड सात टेकड्यांवर वसलंय म्हणतात, मी मोजल्या नाही पण ज्या चढावर माझं नशीब फुटलं तो एक पुरे.

तासाला ३५ पौंड देऊन चार महिने शिकली. क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनचा आवाज थोडा खाली बसतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं होतं, तिथेच पाय रोखायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. सपाटीवर जमलं. टेस्टच्या दिवशी सिग्नल नेमका चढावर, मागे डबलडेकर, आरशात नुसतं तिचं नाक दिसत होतं. हिरवा झाला, क्लच जास्त सुटला, गाडी गचका खाऊन बंद. परत चालू केली, घाईत हँडब्रेक आधी सोडला आणि गाडी मागे सरकायला लागली तशी बाजूच्या बाईनेच तिच्याकडचा ब्रेक दाबला. परीक्षकाने ब्रेक दाबला की समजून घ्यायचं. छोट्या चुका १५ पर्यंत माफ असतात पण अशी गंभीर चूक एकच पुरते, तरी टेस्ट चाळीस मिनिटांची, पुढची पंचवीस मिनिटं मी नापास होऊन पण नीट इंडिकेटर देत गाडी चालवली. ६२ पौंड गेले ते वेगळेच, आणि पुढची तारीख मिळायला परत महिनोनमहिने.

त्या रात्री ठरवलं की उद्या कोणाची तरी गाडी चालवायची वेळ येईल या भीतीपायी मी आज बसने फिरणार नाही. ऑटोमॅटिकचा मास्तर लावला, तासाला दोन पौंड जास्त, पण पहिल्याच तासात माझं लक्ष क्लचवरून उठून रस्त्यावर गेलं, आरशात गेलं, आणि मला कळलं की मला गाडी येत होती, फक्त गियर येत नव्हता. पास झाली. लायसन्स आलं, त्यावर परत तेच. दोन देश फिरली आणि दोन्हीकडे विना गियर! दादाला फोनवर सांगितलं तर पाच मिनिटं हसत होता.

वाटलं तर मॅन्युअलची टेस्ट मी नंतर देऊ शकते, पण देणार नाही. २०३० पासून इथे नुसत्या पेट्रोल डिझेलच्या नव्या गाड्या विकणं बंद करायचं सरकारने ठरवलंय, आणि बॅटरीच्या गाडीत क्लच असतोच कुठे.

तर अंगणातली चर्चा. दादाचे मुद्दे खोटे नव्हते, हे मला मान्य करावंच लागेल. बॅटरी बसली तर मॅन्युअल गाडी चार पोट्टे धक्का मारून सुरू करतात, सेकंड टाकायचा, क्लच सोडायचा, झालं. ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही. पावसाळ्यात आमचा पांदण रस्ता म्हणजे काळ्या मातीचा चिखल, चाक रुतलं की फर्स्ट-रिव्हर्स-फर्स्ट करून गाडीला झोके देऊन काढावी लागते, ते क्लचवर जितकं हातात राहतं तितकं ऑटोमॅटिकमध्ये नाही. आणि बिघडली तर? दारव्ह्याचा मिस्त्री क्लचप्लेट अर्ध्या दिवसात बदलून देतो, कॉम्प्युटर लावायचं काम निघालं की यवतमाळ, म्हणजे चाळीसेक किलोमीटर टोचन करून न्या. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून आमच्याकडे एसटी नाहीतर स्वतःची गाडी, दोनच आधार, त्यामुळे गाडी उभी राहणं परवडत नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं की गाडी वर्षातून दोनदा रुतते आणि बाबा क्लच रोज दाबतात. कापसाच्या ट्रॅक्टरमागे जिनिंगपर्यंत फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड करत जायचं तेव्हा त्या गुडघ्याचं काय होतं ते मी नर्स म्हणून पाहते ना.

शेवटी आमच्या बजेटात बसणारी ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. हे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे आलं. यात गियरबॉक्स तोच, क्लचप्लेट पण तीच, फक्त पायाचं आणि हाताचं काम एक यंत्र करतं. म्हणून मॅन्युअलपेक्षा साधारण ५० हजारच महाग आणि अ‍ॅव्हरेज जवळपास तेवढंच. खोट अशी की गियर बदलताना क्षणभर ओढ सुटते, मान पुढे जाते, ओव्हरटेक करताना तर जाणवतंच. शोरूमवाला हे सांगत नाही, मी सांगते. अजून एक, चढावर एएमटी नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर धरून उभी ठेवायची नाही, आत क्लचप्लेट घासते, ब्रेकच दाबून ठेवायचा. आणि हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडला तरी गाडी क्षणभर धरून ठेवायची सोय, आहे का ते विचारूनच घ्यायचं.

टेस्ट ड्राइव्हला बाबांना मी मुद्दाम कालव्याच्या पुलावर नेलं. चढावर थांबवलं, ब्रेक सोडायला लावला, गाडी दोन सेकंद जागेवर थांबली आणि निघाली. मी मागे बसून शेफिल्डचा तो सिग्नल आठवत होती. बाबा काहीच बोलले नाही. शोरूममधून निघालो तर सरळ मिस्त्रीकडे. माझं नाही, दादाचं नाही, मिस्त्रीचं मत. तो हात पुसत पुसत म्हणाला, "भाऊ, क्लचप्लेट बदलवता येते, गुडघा थोडी बदलवता येते." मी म्हटलं काका, गुडघा पण बदलवतात आता, नागपूरला. तर बाबा माझ्याकडे असे पाहायला लागले की मी गप्प बसली. गाडी बुक झाली, एएमटी, आणि सोबत दादाने हट्टाने जंपर केबल घेतली, बॅटरी बसली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायला. बरोबर केलं त्याने.

डिलिव्हरी मिळाली तेव्हा मी परत इकडे आली होती, पण निघायच्या आधी बाबांना एक गोष्ट दहा वेळा बजावली होती. ऑटोमॅटिकच्या माझ्या पहिल्या आठवड्यात मी एका गोल चौकाजवळ सवयीने डाव्या पायाने क्लच दाबायला गेली आणि तो होता ब्रेक, गाडी जागच्या जागी उभी, सीटवरची टिफिनची पिशवी खाली आणि मागच्याचा हॉर्न. क्लच दाबायला सवयीने पाय जोरातच पडतो ना. माझ्या मास्तरने सांगितलं होतं, डावा पाय मागे सीटखाली दुमडून ठेव, त्याला पुढे येऊच देऊ नको.

परवा व्हिडिओ कॉल केला तर आई हसत हसत सांगत होती. समोरच्या काकांनी साक्षगंधाला गाडी मागून नेली, चालवायला त्यांचा पुतण्या, दारव्हा नाक्यावर त्याने क्लच म्हणून डाव्या पायाने ब्रेक हाणला आणि मागच्या सीटवरच्या तिघींच्या मांडीवरचं साखरेचं ताट सगळं गाडीभर. आता बाबा कोणालाही चावी देताना आधी त्याच्या डाव्या पायाकडे बोट दाखवतात, "हा पाय मांगं घे पयले. घेतला? हं, आता घे चावी."